तीस मीटर

"मी हॉस्टेलला गेले, तर तुम्हाला बरं वाटेल ना?"

झालं. सुटला एकदाचा प्रश्न तोंडातून. त्यानंतर मिनिटभर गाडीत फक्त वायपरचा आवाज, खर्र-टक, खर्र-टक. पुढच्या सीटवरून आईनं मान वळवून माझ्याकडे असं काही बघितलं, की मी मागच्या मागे चार बोटं खाली सरकले.

प्रश्न माझाच होता, पण हिंमत उसनी. ग्रीष्मा आणि अल्फिया या माझ्या वर्गातल्या दोन डांबिस मैत्रिणी. निघायच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या म्हणाल्या होत्या, "नुसती आमच्याकडे येऊन रडतेस. त्यांना समोरासमोर विचारून दाखव. नाही विचारलंस, तर दिवाळीपर्यंत तुझं नाव भित्री भागूबाई."

'त्यांना' म्हणजे निरंजन काकांना. गाडी चालवत होते ते.

आज मी दहावीत आहे, कुणालाही काहीही विचारते आणि वर उत्तरही घेऊनच येते. पण ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीची, आठवीतली. तेव्हा माझा आवाज वर्गात दुसऱ्या बाकापर्यंतही पोचायचा नाही. माझे बाबा मी पाच वर्षांची असताना गेले. नंतर आठ वर्षं कराडच्या घरात आई आणि मी, दोघीच. त्या जानेवारीत आईनं निरंजन काकांशी लग्न केलं. माणूस वाईट नव्हता हो. ओरडायचे नाहीत, टीव्हीचा रिमोट मागायचे नाहीत. पण माझ्या मनात एकच हिशेब पक्का बसला होता: लग्नाबरोबर तेरा वर्षांची आयती मुलगी कुणाला हवी असते? म्हणून नववीपासून निवासी शाळेत जायचा फॉर्म मी स्वतःच मागवला. मुदत मंगळवारपर्यंत. आई म्हणाली होती, "तुझं तू ठरव. पण ठरवल्यावर रडायचं नाही." फॉर्म भरून माझ्या सॅकमध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत होता. एकच जागा रिकामी होती, पालकाच्या सहीची.

आता काका काय म्हणतात, म्हणून मी आरशात त्यांच्या भुवयांकडे बघत बसले. त्यांनी तोंड उघडलं आणि तेवढ्यात फोन किणकिणला.

"पोचलो," ते म्हणाले. गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. "इथून एकशे चाळीस मीटर. पुढे पायी."

सुटले, मी मनात म्हटलं. छत्री शोधायचं नाटक करत आईही उतरली.

हा 'एकशे चाळीस मीटर' प्रकार सांगायला हवा. काकांना जिओकॅशिंगचं वेड. म्हणजे जगभर हौशी लोक कुठे कुठे डब्या लपवून ठेवतात, त्या जागेचे अक्षांश-रेखांश अॅपवर टाकतात, आणि दुसऱ्या हौशी लोकांनी फोन घेऊन त्या शोधायच्या. डबीत एक वही असते, तिच्यात नाव लिहायचं. काही वस्तू उचलायची असेल तर बदल्यात दुसरी ठेवायची. आणि डबी होती तश्शी लपवून निघायचं. बक्षीस काही नाही! आईला हे ऐकूनच हसू यायचं. पण पंधरा ऑगस्ट सोमवारी आला, तीन दिवस सुट्टी जोडून मिळाली, तेव्हा कुंभार्ली घाट उतरून कोकणात जायचं आणि किनाऱ्यानं डब्या शोधायच्या, असा बेत तिनंच ठरवला. का, ते मला कळत होतं. मंगळवार जवळ आला होता.

काका सरकारी मोजणीदार. जमिनी मोजायच्या, खुणेचे दगड रोवायचे, हा त्यांचा रोजचा धंदा. घरातलं फडताळ लावतानासुद्धा पाणसळ लावून पातळी बघत बसायचे. आई चिडवायची, तर म्हणायचे, "वृंदा, मोजणीत एक फूट चुकला की दोन सख्खे भाऊ कोर्टात दिसतात."

तर रविवारची सकाळ, खाडीच्या तोंडाशी काळे खडक आणि धो धो पाऊस. ओहोटी होती. लांब, खडकांच्या टोकाला चार-पाच बायका डोक्यावर प्लास्टिकचे कागद बांधून गुडघाभर पाण्यात वाकल्या होत्या.

"खडकाला चिकटलेली कालवं काढताहेत," आई म्हणाली. "काय ते कष्ट, बाई!"

काका फोनकडे बघत उजवीकडे एका झाडाच्या रोखानं निघाले. मी मुद्दाम डावीकडे गेले. त्यांच्या मागे मागे फिरायचं नाही, हे माझं सात महिन्यांचं धोरण होतं. बोलायची वेळ आली तर "ऐका ना" म्हणायचं, नाहीतर आईमार्फत निरोप. एका कपारीत हात घातला तर हाताला टणक काहीतरी लागलं. वरचा दगड बाजूला केला. आत पिशवीत गुंडाळलेला स्टीलचा डबा!

आईशप्पथ सांगते, तोपर्यंत मला हे सगळं येडेपणाचं वाटत होतं. पण तो डबा हातात आला आणि मला काय झालं कुणास ठाऊक.

"काका! सापडली! काका, मला सापडली!"

खाडीच्या पलीकडच्या काठावर ऐकू गेलं असेल एवढ्या जोरात मी ओरडले. काका निसरड्या खडकांवरून जवळजवळ पळत आले. आले आणि आधी माझ्याकडे बघितलं. मग हातातल्या फोनकडे. मग पुन्हा माझ्याकडे. आणि फोन खिशात टाकला.

"शाब्बास," म्हणाले. "उघड."

आत एक कंगवा, रुमालात बांधलेल्या चार हिरव्या बांगड्या, मशेरीची डबी, घडी घातलेला कागद आणि एक किल्ली.

"मशेरी? ई! ही कुठली तऱ्हा भेट ठेवायची?" आई म्हणाली.

"अस्सल गावठी खजिना आहे," मी म्हटलं आणि कागद उलगडला. वळणदार अक्षरात एकाखाली एक नावं. एकवीस. काहींपुढे बरोबरची खूण. "ही बघा वही! आपल्याआधी एकवीस जण येऊन गेलेत."

खिशातलं पेन काढून मी बावीस आकडा टाकला आणि लिहिलं, 'शाल्मली'. पुढे झोकात बरोबरची खूण.

"तिघांची लिही ना," काका म्हणाले.

"एकीचं पुरे."

मी किल्ली उचलली. तिला पत्र्याचा बिल्ला होता आणि बिल्ल्यावर आकडा ठोकलेला. माझे डोळे चमकले. आदल्या रात्री जेवताना काकांनीच सांगितलं होतं, की काही वस्तू प्रवासी असतात. त्यांना आकड्याचा बिल्ला असतो, त्या एका डबीतून काढून पुढच्या डबीत पोचवायच्या, असं करत करत त्या देश फिरतात.

"हा प्रवासी आहे ना?"

"असू शकेल," काका म्हणाले. त्यांचा आवाज जरा बारीक आला, पण ते आता आठवतं. तेव्हा मी हवेत होते. बदल्यात मी डब्यात माझा हिरवा रबरी डायनासोर ठेवला, दगड जागच्या जागी लावला, आणि आम्ही फेरीबोटीत गाडी घालून खाडीपलीकडे गेलो.

दुसरी डबी दीपस्तंभाच्या वाटेवर होती. ती शोधायच्या आधी जेवून घेऊ म्हणून एका खानावळीत बसलो. बाहेर वारा सुटला होता, छपराचे पत्रे वाजत होते. मी सोलकढीची दुसरी वाटी मागवली. काका अॅपवर बिल्ल्याचा आकडा घालत होते. एकदा घातला. पुसला. पुन्हा घातला.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"असा प्रवासी नाहीये म्हणतंय." त्यांनी सकाळच्या डबीचं पान उघडलं, वाचलं आणि ताट बाजूला सारलं. "मूळ डबी कॅमेऱ्याच्या रिळाची आहे. अंगठ्याएवढी. झाडाच्या मुळाशी."

"मग आपण काय उघडलं?" मी म्हणाले.

आईच्या हातातला घास तसाच राहिला. "बांगड्या," ती हळूच म्हणाली. "कंगवा. मशेरी. अहो, त्या पाण्यातल्या बायकांचा डबा तो! पाण्यात पडू नये म्हणून काढून ठेवलेलं सामान ते. आणि आपण कुणाच्या तरी घराची किल्ली घेऊन खाडी ओलांडून आलोय."

टेबलावर ती किल्ली. बिल्ल्याकडे मी पहिल्यांदा नीट बघितलं. आकड्यांच्या वर, झिजलेल्या अक्षरांत, 'अंगणवाडी'.

"म्हणजे ती यादी..." मी म्हटलं. "ती एकवीस नावं..."

"पोरांची हजेरी," आई म्हणाली. "आणि उद्या पंधरा ऑगस्ट. झेंडा आतच असणार, कपाटात."

आम्ही अर्ध्या जेवणावरून उठलो. धक्क्यावर पोचलो तर तिकीट फाडणारा हात हलवत होता. "चला, चला! ही शेवटची. वारा वाढलाय, हिच्यानंतर बोट बंद." आमची गाडी शेवटची चढली. मागे साखळी लागली तेव्हा कुठे आईनं श्वास सोडला. बोट चुकली असती तर सत्तर-ऐंशी किलोमीटरचा वळसा पडला असता, तोही दरडीच्या रस्त्यानं.

आई गाडीतच बसून राहिली. काका कठड्याशी भिजत उभे होते. मी जाऊन शेजारी उभी राहिले. खानावळीतून निघाल्यापासून डोक्यात एक गोष्ट टोचत होती.

"एक विचारू? सकाळी तुम्ही फोन बघितला होता. मला डबा सापडला तेव्हा."

"हं."

"काय दाखवत होता?"

त्यांनी चष्मा काढला, ओल्याच शर्टाला पुसला, परत लावला. काही उपयोग झाला नाही.

"तीस मीटर."

"म्हणजे?"

"डबी तीस मीटर पलीकडे दाखवत होता. त्या झाडापाशी."

"ढगांमुळे चुकतो ना पण फोन?"

"पाच-दहा मीटर चुकतो. तीस नाही चुकत." ते पाण्याकडे बघत म्हणाले. "शाल्मली, मी बावीस वर्षं मोजणी करतोय. तीस मीटर म्हणजे शेजाऱ्याचं अख्खं अंगण. मला तिथेच कळलं होतं, की ही आपली डबी नव्हे."

"मग बोलला का नाहीत? मी नाव लिहिलं, किल्ली उचलली... एवढा घोळ! तुम्ही तर बोटभर चुकलं तरी सोडत नाही!"

बोट एका लाटेवर चढली, उतरली. मला वाटलं, सकाळसारखंच आताही फोन किणकिणेल आणि हे सुटतील.

"तू 'काका' म्हणून ओरडलीस," ते म्हणाले. "सात महिन्यांत पहिल्यांदा. तू मला कधी हाकच मारत नाहीस. 'ऐका ना' म्हणतेस. मी तुझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हटलं, मरू दे ते तीस मीटर." मग घाईघाईनं म्हणाले, "मूर्खपणाच झाला. त्या बाईंना मी सांगेन. चूक माझी आहे."

मी पाण्याकडे तोंड फिरवलं. पावसाचा एक फायदा असतो, तोंड ओलं कशानं झालंय ते कुणाला कळत नाही.

अंगणवाडी सापडायला वेळ लागला नाही. सगळी वाडीच तिथे जमली होती. दारासमोर एक माणूस हातोडा घेऊन कुलपाचा अंदाज घेत होता, आणि पायरीवर एक चाळिशीची बाई डोक्याला हात लावून बसली होती.

"मार एकदाचा," ती म्हणत होती. "मागल्या साली किल्ली खाडीत पडली तवा नोटीस आली. म्हनून डब्यात ठेवाया लागले. तर डब्यातनं पन गेली! आता सरकारी कुलूप फोडलं म्हनून आनि एक नोटीस येऊ दे. घालवा माझी नोकरी."

"थांबा!" काका धावत पुढे झाले. "ताई, किल्ली आमच्याकडे आहे. चूक माझी. मी..."

"मी घेतली," मी म्हटलं.

आवाज माझाच होता, पण दुसऱ्या बाकाच्या खूप पुढे गेला. हातोडेवाला थांबला. वीस-पंचवीस तोंडं माझ्याकडे वळली. मी किल्ली पुढे धरली आणि एका दमात सगळं ओकून टाकलं: डब्या, अॅप, प्रवासी, बिल्ला, खाडी, सोलकढी. सोलकढी कशाला सांगितली, देव जाणे.

ताईंनी किल्ली घेतली. कुलपात घातली. खट्. कपाट उघडून झेंड्याची घडी बघितली, छातीशी धरली आणि मग माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. आता थोबाडीत बसते, असं वाटून मी डोळे मिटले.

"आनि ह्यो राक्षस तुझा काय गो?"

डोळे उघडले तर त्यांच्या तळहातावर माझा हिरवा डायनासोर.

"हो."

"सकाळी डबा उघडला नि किंकाळी फोडली मी! बायका म्हनाल्या, लतिकाला सरडा चावला. आनि शाल्मली कोन?"

"मीच."

"अगो, तुला अख्ख्या वाडीत शोधली! दारोदार फिरले, विचारलं, कोनाच्या घरात शाल्मली हाय का, माझ्या यादीतनं सुटली का. ही म्हातारी म्हनते, माझ्या नातसुनेच्या पोटातली तर नव्हं?"

आधी हातोडेवाला हसला. मग ती म्हातारी. मग सगळेच, आई तर गाडीला टेकून पोट धरून. लतिकाताई मात्र गंभीरच. "हसू नका. यादीत नाव घातलंय तिनं. उद्या साडेसातला हजर राहाया लागंल. आईबापाला घेऊन यायचं."

"येऊ," काका म्हणाले.

त्या 'आईबापाला'वर कुणीच काही बोललं नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी साडेसातला मी अंगणवाडीच्या अंगणात रांगेच्या शेवटी उभी. माझ्या पुढचे एकवीस जण माझ्या कमरेलाही लागत नव्हते. एकाच्या मुठीत माझा डायनासोर होता. त्यानं रात्रीतून त्याचं शेपूट चावून टाकलेलं. झेंडा वर गेला, पावसानं लगेच काठीला चिकटला, तरी आम्ही टाळ्या वाजवल्या. मग हजेरी.

"शाल्मली!"

"हजर!"

एक राजगिऱ्याचा लाडू मिळाला. त्याचे तीन तुकडे करून मी आईला आणि काकांना दिले. काकांनी आपला तुकडा निरखून बघितला. "मोठा कुणाला गेला?" आईनं विचारलं. "मोजून सांगू?" ते म्हणाले.

निघताना मी हात पुढे केला. "काका, फोन द्या. राहिलेली डबी काढायची आहे ना?"

त्यांनी फोन दिला आणि माझ्या मागे मागे आले. कालचा खडक मागे टाकून मी पावलं मोजत गेले. उंडीचं झाड होतं. मुळांत हात घातला. निघाली! अंगठ्याएवढी काळी डबी. तिची पिशवी फाटली होती, आतली कागदाची पट्टी कडेनं दमट झाली होती. पाठीवर छत्री घेऊन मी वाकले आणि पट्टीवर लिहिलं: शाल्मली, आई, काका.

"अगं, 'आई' कुणाला कळणार? नाव लिही की माझं," आई म्हणाली.

"ज्यांना कळायला हवं, त्यांना कळतं."

पट्टी गुंडाळून डबीत घातली. पण अशी उघडी ठेवली तर आठवड्यात तिचा चिखल झाला असता. मी सॅक उघडली, फॉर्म बाहेर काढून मुळांवर टाकला, त्याची प्लास्टिकची पिशवी काढून घेतली आणि डबी तिच्यात घट्ट गुंडाळू लागले.

"शाल्मली! अगं, फॉर्म भिजतोय!" आई ओरडली.

काका पुढे झाले, फॉर्म उचलायला वाकले, आणि मध्येच थांबले. सहीच्या रिकाम्या जागेवर पावसाचे टपोरे थेंब पडत होते. शाई पसरून माझ्या नावाचा निळा ओघळ झाला होता.

मी डबी मुळांत सरकवली. वरून पानं लोटली. होती तश्शी. मग उभी राहिले, हात झटकले.

"भिजू दे," मी म्हटलं. "आई, काका, मी कुठेही जाणार नाहीये. नववी मी कराडलाच करणार. आणि आता परत जाताना पुढच्या सीटवर मी बसणार."